पिस्तुलाला खांदा नसतो

दयाराम मेश्राम माझ्याकडे भाड्याची खोली पाहायला आला, तेव्हा त्यानं खोली पाहिलीच नाही. दारात उभा राहून आधी रस्ता पाहिला, मग रस्त्यापलीकडचं मैदान, मग त्याच्याही पलीकडे, जिथून नागझिऱ्याकडची झाडी सुरू होते तिकडे. म्हणाला, "तिकडून कोनीतरी बकऱ्या आनून राह्यला, काकू. मागची एक लंगडते."

मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मला बकऱ्याच दिसेनात, लंगडी कुठून दिसणार! पण आमचं भाड्याचं बोलणं व्हायच्या आत त्या बकऱ्या दारासमोरून गेल्या, आणि शेवटची खरंच पाय उचलून चालत होती. तेवढ्यात त्याची बायको शालू मागून म्हणाली, "अजी, दूरचं राहू द्या. पायाखाली उंबरठा हाय." तोवर तो ठेचकाळलाच होता.

अशी ती जोडी माझ्या घरात आली. माझं घर साकोलीत, हायवेपासून जरा आत. मी ब्लाउज शिवते, मशीन खिडकीत असतं, म्हणून जे सांगते ते बहुतेक त्या खिडकीतून पाहिलेलं आहे. दयाराम पोलिसात हवालदार होता. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा टेबलं-खुर्च्या वाटल्या तशी माणसंही वाटली. काही भंडाऱ्यात राहिले, काही तिकडे गेले. दयाराम तिकडे गेला, आणि तिकडेही अगदी टोकाला, जंगलातल्या चौकीवर. शालूला मात्र त्यानं साकोलीत ठेवलं. का, ते पुढे येईलच.

तो रायफलवाला होता. म्हणजे रायफल सगळ्यांच्याच हातात असते हो, पण हा त्यातला गुणी. मेडलं किती होती मला ठाऊक नाही. शालूनं ती पिठाच्या डब्यात ठेवली होती, कारण घरात झाकण घट्ट बसणारा तेवढाच डबा. "घाई केली का गेली," हे त्याचं वाक्य. कशालाही लावायचा. भात करपला, बस चुकली, शेजारणीच्या पोरीचं लग्न मोडलं, त्याचं एकच, "घाई केली का गेली, काकू."

आणि एक सवय. कुठलंही काम करण्याआधी तो अर्धा श्वास सोडायचा आणि थांबायचा. रायफलीची सवय ती. श्वास चालू असला की छाती हलते, छाती हलली की नळी हलते, म्हणून श्वास थांबवायचा, सगळं अंग दगडासारखं झालं की मगच गोळी. पण हा माणूस चहा बशीत ओततानाही तसाच थांबायचा. एकदा बाबासाहेबांचा फोटो लावायचा होता. शालूनं भिंतीशी खिळा धरला, यानं हातोडी उचलली, श्वास सोडला आणि थांबला. थांबला तो थांबलाच. शालू म्हणाली, "मारा ना जी, माहा हात दुखून राह्यला." हा हलेना. "का माहं बोट दिसून राह्यलं तिथं?" मग एकच ठोका पडला, खिळा सरळ आत. माझ्या बाकीच्या भिंतींतले सगळे खिळे वाकडे आहेत, तो एकटा सरळ.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच म्हणा. रात्रभर दंडार आणि नाटकं, दिवसा दुकानं, पाळणे, घरोघर पाहुणे. एका वर्षी त्याला नेमकी सुट्टी मिळाली आणि आम्ही तिघं मंडईला गेलो. तिथं फुगे फोडायचा ठेला होता. छऱ्याची बंदूक, नळी हमखास वाकडी केलेली. दयारामनं पहिला छरा वाया घालवला, कुठं लागला ते पाहिलं, आणि मग फुग्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर नेम धरून फुगे फोडायला लागला. एक ओळ संपली, दुसरी संपली. ठेलेवाला आधी हसत होता, मग हात जोडून म्हणाला, "साहेब, लेकरंबाळं हायत जी माह्ये. तिकडं पाळन्यात बसा ना."

त्याच ठेल्यावर एक खेळण्यातलं पिस्तूलही होतं, बुचाची गोळी मारणारं. शालू म्हणाली, "आता हे मारून दाखवा." समोर आगपेट्यांचा मनोरा, चार पावलांवर. दयारामनं हात लांब केला, श्वास थांबवला, आणि बूच कनातीला लागलं. परत मारलं, परत कनातीला. ठेलेवाल्याचा जीव भांड्यात पडला. "घ्या साहेब, अजून घ्या, फुकट घ्या." शालू इतकी हसली की खालीच बसली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "पाह्यलं, काकू? जवळचं काईच जमत नाई ह्याह्यले."

ते तिचं मी पाहिलेलं शेवटचं मोठं हसणं असेल.

शालूला सिकलसेल होतं. आमच्या भागात हा आजार घरोघर माहीत आहे, सांगावा लागत नाही. रक्तातच दोष. एरवी माणूस चालतं-बोलतं, आणि थंडी लागली, ताप आला, पाणी कमी पडलं की सांध्यासांध्यातून दुखणं उठतं. ते दुखणं मी पाहिलेलं आहे. बाळंतपणं मी पाहिली, भाजलेली माणसं पाहिली, पण शालूचं ते दुखणं पाहवत नसे. हात लावायचीही सोय नाही. डोळे पिवळे होत, ओठ सुकत, आणि ती पदर दातात धरून भिंतीकडे तोंड करायची. साकोलीच्या दवाखान्यात सलाईन लागायची. रक्त द्यायची वेळ आली की भंडाऱ्याला न्यायचं. न्यायला कोण? नवरा जंगलात, चौकीवर. निरोप मिळून, रजा मिळून, गाडी मिळून तो येईपर्यंत दुखणं येऊन गेलेलं असायचं. तो यायचा तेव्हा ती उठून चहा करायची, आणि हा तिच्याकडे पाहत बसायचा. एकदा मला म्हणाला, "माह्या नशिबी नेहमी नंतरच येनं हाय, काकू."

मग एक संधी आली. भंडाऱ्याला एका मोठ्या साहेबांना अंगरक्षक हवा होता. राहायला क्वार्टर, मोठा दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ, आणि ड्युटी संपली की माणूस घरी. दयारामनं अर्ज केला. त्याचा वरचा अधिकारी भला माणूस. तो म्हणाला, तुझ्यासारखा रायफलवाला जंगलातून सोडायला माझं मन होत नाही, पण कारण समजतं मला. मात्र अंगरक्षकाला रायफल नसते, कमरेला पिस्तूल असतं. पिस्तुलाच्या परीक्षेत पास हो, मी सही करतो.

आम्हाला वाटलं, झालंच! रायफलीत ज्याचा हात कोणी धरत नाही, त्याला ते वीतभर पिस्तूल काय जड जाणार? शालूनं तर भांडी कोणती न्यायची आणि कोणती मला द्यायची तेही ठरवून टाकलं.

तो पहिल्या सरावाला भंडाऱ्याला गेला आणि परत आला तो तोंड पाडून. मी विचारलं, "काय झालं रे बाबू?"

"काकू, चकती एवढी जवळ, का गोटा मारला तरी लागंल. अन् माह्या गोळ्या तिथं पोचूनच नाई राह्यल्या."

शिकवणारा उस्ताद जुना माणूस होता, हिंदीत बोलणारा. त्यानं दयारामला म्हटलं होतं, "रायफल को कंधा मिलता है, गाल मिलता है, लेटो तो जमीन मिलती है. पिस्तौल को क्या मिलता है? खाली तेरे दो हाथ." आणि हा श्वास रोखून उभा राहिला तेव्हा म्हणाला, "इतनी देर में तो चाय बन जाएगी, हवालदार."

तेव्हापासून आमच्या घरात तोच विषय. बंदुकीतलं मला काय कळतं, पण रोज कानावर पडलं की माणूस शिकतंच. रायफलीच्या मागच्या खुणेत आणि पुढच्या खुणेत हातभर अंतर असतं, पिस्तुलात वीतभर. म्हणून इथं केसाएवढं हललं की तिथं गोळी भलतीकडे. दुसरं म्हणजे, रायफल टेकलेली असते, थांबलं की स्थिर होते. पिस्तूल हवेत धरलेलं, जितकं थांबाल तितका हात जास्त थरथरतो. थरथर जायची वाट पाहायचीच नाही. थरथर राहू द्यायची, पुढच्या खुणेवर नजर ठेवायची आणि एकट्या बोटानं घोडा सावकाश मागे आणायचा, बाकी मूठ आवळायची नाही. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण आयुष्यभर जो माणूस थांबूनच जिंकला, त्याला थांबू नको म्हणून सांगणं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा.

सरकारी पिस्तूल घरी आणता येत नाही. म्हणून तो सुताराकडे गेला. कुठला सुतार? तान्ह्या पोळ्याला लेकरांसाठी लाकडी नंदी करणारा. आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं चाकाचे नंदी ओढत दारोदार जातात. तो सुतार वर्षभर नंदीच करायचा. त्याला दयारामनं कागदावर पिस्तूल काढून दाखवलं. सुतारानं कागद उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "चाकं कुठं लावू जी ह्याले?"

झालं एकदाचं. सागाचं पिस्तूल, घोड्याला कपड्याच्या चिमट्याची स्प्रिंग. वजन कमी पडलं, तर तळ्यात मासे धरणाऱ्या एका ढिवराकडून जाळ्याला लावायचं शिसं आणून मुठीत भरलं. मग सुट्टीवर आला की अंगणात त्याचा सराव सुरू. भिंतीवर चुन्याचा ठिपका, पिस्तुलाच्या पाठीवर रुपया ठेवायचा, घोडा दाबायचा. रुपया पडला नाही तर हात खरा.

रुपया पडायचा. ठण्ण. मी मशीनवर, शालू बाजेवर, आणि अंगणात ठण्ण, ठण्ण.

शालूच त्याची दुसरी उस्ताद झाली. "मान काहून वाकडी करता? खांद्यावर काय उशी हाय?" रायफलीच्या सवयीनं त्याचा गाल आपोआप खाली यायचा, काही नव्हतं तिथं टेकायला तरी. "अजी, डोळा मिटून राह्यले तुमी."

"नाई मिटून राह्यलो."

"मी पाहून राह्यली ना. घोडा दाबाच्या आधी मिटता. कोन मारून राह्यलं तुमाले?"

तिचं खरं होतं. पहिली परीक्षा झाली, त्यात तो नापास झाला. सगळ्या गोळ्या काळ्या चकतीच्या खाली, डाव्या अंगाला, एकाजवळ एक. उस्तादानं नंतर एक युक्ती केली. त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मधेच एक खोटी गोळी भरली. खऱ्या गोळ्या वाजल्या, मग दयारामनं घोडा दाबला आणि आवाजच झाला नाही. पण पिस्तुलाची नळी मात्र खाली गेली, चांगली चार बोटं. सगळ्यांसमोर. म्हणजे धक्का बसण्याआधीच हात धक्क्याला भिऊन खाली जात होता. रायफलीचा धक्का खांदा खातो, पिस्तुलाचा सरळ हातात येतो. माहीत होतं त्याला. पण हाताला कोण सांगणार?

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा हसत सांगितलं. मग शालूकडे पाहून म्हणाला, "काईच झालं नोतं, काकू. गोळीच नोती. तरी माहा हात भ्याला."

उस्तादानं त्याला सोडलं नाही, हे खरं. तो म्हणाला, तुझ्या गोळ्या एका जागी पडतात, म्हणजे डोळा आहे, हात आहे. जागा चुकली, एवढंच. त्यानंतर दयाराम चौकीवरही सराव करायला लागला. सोबतचे जवान चिडवायचे, "हवालदार, नंदी घेऊन आले काय?" हा आपला रुपया ठेवायचा. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, आणि सुट्टीवर आला तेव्हा अंगणातला ठण्ण आवाज कमी झाला. मग एका सकाळी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी मशीनवरचे पाय थांबवून बाहेर डोकावले. तो दाबत होता, परत ओढत होता, परत दाबत होता, आणि रुपया जागेवर. मानही सरळ. शालू बाजेवर दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती, जणू श्वासानंही पडेल तो. भंडाऱ्याच्या खऱ्या पिस्तुलावरही फरक पडला. गोळ्या वर सरकल्या, काळ्यात यायला लागल्या. उस्ताद म्हणाला, अब दे दे परीक्षा.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस कामाला निघाला की त्याला टोकू नये. कुठं चालला विचारू नये, मागून हाक मारू नये, वाईट बातमी तर मुळीच सांगू नये. शालूला मी हे सांगायची तेव्हा ती हसायची. "आमी नाई मानत जी हे काई, काकू." आणि खरंच, तो बसस्टँडकडे वळेपर्यंत ती मागून ओरडायची, डबा घेतला काय, रुमाल घेतला काय.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच शालूला दुखणं उठलं. मी अंगणात सडा टाकत होते. ती दाराच्या चौकटीला धरून उभी, तोंड पांढरंफटक. मी बादली ठेवली. तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. आत दयाराम बूट घालत होता. ती हळूच म्हणाली, "मी मानत नाई, काकू. पन आज नका टोकू त्याह्यले." आणि आत जाऊन तिनं त्याला चहा दिला. बसून नाही, उभं राहून. कसा दिला असेल, तिचं तिलाच ठाऊक. तो निघाला. ती दारात उभी राहिली. तो वळणापर्यंत गेला, आणि त्या दिवशी ती मागून ओरडली नाही. डबा नाही, रुमाल नाही.

वळणावर तो थांबला. मागे वळून पाहिलं. एवढ्या लांबून. मी सांगितलंच ना, त्याला लांबचं सगळं दिसायचं. शालूनं हात हलवला. त्यानंही हात हलवला आणि गेला. परत आला असता तर परीक्षा गेली असती. तिला वाटलं, त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, कळलंय हे तिला कळू नये. अशी माणसं ती. आता यात कोणाला काय म्हणावं?

मैदानावर काय झालं ते उस्तादानंच नंतर, भंडाऱ्याच्या दवाखान्यात शालूला पाहायला आला तेव्हा, आम्हाला सांगितलं. परीक्षेचे दोन भाग. पहिल्यात सावकाश गोळ्या मारायच्या, तो त्यानं छान मारला, सगळ्या काळ्यात. दुसऱ्यात त्याचा नंबर यायला वेळ होता. दयाराम उभ्या उभ्या रस्त्याकडे पाहत होता, कोणती बस लागलीय ते. त्याचा नंबर आला आणि त्यानं सगळ्या गोळ्या एका दमात मारून टाकल्या. धाड धाड धाड. थांबणं नाही, पुढची खूण नाही, काही नाही. मारल्या, पिस्तूल रिकामं करून जमा केलं, निकाल न पाहता बसस्टँडकडे पळाला. उस्ताद म्हणाला, "जिंदगी में पहली बार इसने जल्दी की."

तो दुपारी पोहोचला तेव्हा मी शालूला रिक्षात घालत होते. त्याच रिक्षात तो चढला. तिनं पहिलं काय विचारलं असेल? "पास झाले काय जी?"

तो म्हणाला, "झालो."

तिला खरं कळायला आठ-दहा दिवस लागले. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. तोही गरजू असेल, त्याच्याही घरी कोणी असेल, मी काय सांगू? अधिकारी म्हणाले, पुन्हा जागा निघाली की पाहू. दयाराम चौकीवर गेला. तिकडे रायफलीचं काम होतं, आणि रायफल त्याच्याइतकी कोणालाच येत नव्हती. पुढे शालूचा भाऊ तिला आंधळगावला घेऊन गेला. सामान न्यायलाही तोच आला. पिठाच्या डब्यात मेडलं वाजली तशी त्यानं झाकण उघडून पाहिलं आणि परत लावलं. दयाराम पुन्हा माझ्या दारात आला नाही. त्याच्या रजा सगळ्या आंधळगावात जायच्या.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याआधी, भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात. त्याच दुखण्यात. साकोलीहून शालूला तिकडे हलवलं होतं, रक्त चढत होतं. त्याची रजा संपली होती, वाढवून मिळाली नाही, संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं. जाण्याआधी त्यानं मला जवळ बोलावलं आणि तिला उचलायचं कसं ते दाखवलं. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली, कमरेला धरायचं नाही. "इथं दुखते तिले. ती सांगत नाई, पन दुखते." मी करून दाखवलं. त्यानं परत करायला लावलं. शालू उशीवरून त्याच्याकडे पाहून हसत होती. "जा ना जी आता. बस जाईन. मले काई नाई झालं आता. पाहा, बसून राह्यली मी." आणि खरंच ती कोपरावर उठली.

तो गेला. वॉर्डाच्या खिडकीतून फाटक दिसायचं, आणि फाटकासमोरच बस थांबायची. मी खिडकीत उभी राहिले. तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. एक बस आली, त्याच्यासमोर थांबली, गेली. तो तिथंच होता, पिशवी खांद्याला, तोंड आमच्याकडे. दुसरी बस आली. कंडक्टरनं खाली उतरून त्याला काहीतरी विचारलं असावं. मग तो चढला.

मागून शालूचा आवाज आला, "गेले काय ते, काकू?"

"गेला."

"बस निघाली?"

मी बस वळणाआड जाईपर्यंत पाहिलं. "निघाली, माय."

ती कोपरावरून हळूहळू खाली झाली. मुठीत आवळलेला पदर सोडला, आणि लेकरानं विचारावं तसं मला म्हणाली, "मंग आता वरडू काय, काकू?"